‘दार बंद, डकवले’

५ मार्च

चि. चिंगीस,

अनेक आशीर्वाद. तीन वर्षांनी लिहितेय. आधी खुशाली विचारायची की आधी दुसरं काही बोलायचं हे मला ठरवता येत नाही, म्हणून खुशालीच विचारते. कशी आहेस? भाचीचं नर्सिंगचं कितवं वर्ष? आम्ही बरे आहोत. ह्यांना आता डाव्या कानानेही कमी ऐकू येतं. लोक हळहळतात. मी म्हणते, संसार त्यामुळेच टिकलाय.

फोनच केला असता, पण माझा नंबर तू बंद करून ठेवलायस. आणि समोर आले असते तर तू दारातून परत पाठवलं असतंस. कागदाला तसं हाकलता येत नाही. फाडायचा तर आधी हातात धरावाच लागतो.

तुझ्या दुकानाला सील लागल्याचं मला परवाच कळलं. कुणाकडून, ते सांगते. मी कोर्टातल्या वसुलीच्या खोलीत आहे हे तुला माहीत आहे. झाडू, फरशी आणि दोन वेळचा चहा. आमच्या खोलीचे जे बेलिफ आहेत, कोर्टाचे कागद वाटणारे आणि जप्ती करणारे, त्यांना सगळे गुडघेकाका म्हणतात. दोन्ही गुडघे गेलेत. उठताना टेबलाला धरतात आणि टेबल ओरडतं. तेच आले होते तुझ्याकडे. चहा पिताना, माझ्याकडे न बघता, सांगत होते, “एका कुलूपवालीच्या दुकानाला कुलूप लावून आलो. आमचंच कुलूप अडकलं, फिरेचना. तर त्या बाईनेच खिशातून तेलाची बाटली काढली, दोन थेंब सोडले, कुलूप चालू करून दिलं आणि बाजूला उभी राहिली. म्हणाली, लावा आता.” खोलीतले सगळे हसले. मी ट्रे धरून उभी होते. एक कप पडला माझ्या हातून. माझा हात जड आहे, हे काही नवीन नाही.

तू पण ना! ज्या कुलपाने आपलंच दुकान बंद होणार, त्याला कुणी तेल सोडतं का? लहानपणापासून अशीच. शेजारणीचा दरवाजा मोडला तर स्वतःच्या खाटेची फळी काढून द्यायला निघाली होतीस.

आता मुद्द्याचं. ते कुलूप तू अर्ध्या मिनिटात उघडशील, मला माहीत आहे. हात लावू नकोस. कोर्टाचं सील तोडलं तर वेगळा गुन्हा लागतो, मग आतल्या किल्ल्यांच्या मशीनवर पाणीच सोडावं लागेल. वसुलीच्या खोलीत सहा वर्षं फरशी पुसतेय, एवढं कानावर पडलंय.

दुसरं. भावजी गेले तेव्हा पाणी खात्याने त्यांची पेन्शन अर्धी करून तुला द्यायला हवी होती. ती दोन वर्षं पूर्णच येत राहिली. चूक त्यांची. पण सरकार स्वतःची चूक आपल्याकडूनच वसूल करतं; ते जास्तीचे पैसे मागायला खातं कोर्टात गेलं. तू त्यांना पत्राने कळवलं होतंस. मी सोबत होते. खिडकीतला माणूस पत्र घेऊन खिडकी लावत होता तेव्हा मीच ओरडले होते, “नकलेवर शिक्का मार आधी!” ती शिक्क्याची नक्कल शोध. तुझ्या त्या किल्ल्यांच्या पत्र्याच्या पेटीत असेल. तू हजर राहिली नाहीस म्हणून न्यायाधीशांनी तुझं न ऐकताच खात्याच्या बाजूने हुकूम दिला. त्याला एकतर्फी म्हणतात. तो फिरवता येतो. सील लागल्यापासून तीस दिवसांत वकिलामार्फत अर्ज कर, आणि सांग की समन्स मला मिळालंच नाही. एकतीस मार्चच्या पुढे जाऊ नकोस. दहा एप्रिलला लिलाव लावलाय.

समन्स कुठे गहाळ झालं असेल कोण जाणे. हल्ली कशाचाच भरवसा नाही.

जेवत जा वेळेवर.

तुझी ताई

---

१४ मार्च

चिंगी,

तुझं कार्ड मिळालं. चार ओळी. मी पाठ म्हणून दाखवू शकते. “अर्ज केला. वकिलाने बेलिफच्या अहवालाची नक्कल काढली. त्यावर दोन साक्षीदारांच्या सह्या आहेत, एक तुझी आहे. काय लिहायचं असेल ते लिही.” खाली नाव नाही, काही नाही. मी मात्र माझ्या पत्राखाली ‘तुझी ताई’ लिहून बसले होते.

तू ओळखणारच. ती सही तूच शिकवलीयस. मी चौथीत शाळा सोडली, तू दहावी झालीस. पहिल्या नोकरीच्या वेळी अंगठा लावायला मला लाज वाटत होती. नाव लिहिता यायचं, पण ते पाटीवर लिहिल्यासारखं, एकेक अक्षर सुटं सुटं. तू कॅलेंडरच्या पाठीवर मला गिरवायला लावलंस. “ताई, शेवटच्या अक्षराची शेपटी मागे आणायची आणि सगळ्या नावाखालून ओढायची. बँकेचा मॅनेजर वाटशील.” अख्खं वर्ष उलटं करून भरलं होतं मी. त्या शेपटीचा मला इतका गर्व, की अजूनही कुणी सही मागितली तर मी आधी हात पुसते.

तर ऐक, तिथे कसं चालतं. वर्षातून दोनदा साहेब बजावतात की समन्स माणसाच्या हातात द्यायचं. माणूस घरी नसेल, घेत नसेल, तर त्याच्या दारावर डकवायचं आणि दोन साक्षीदारांसमोर तसं लिहायचं. कायदा ठीक आहे. पण गुडघेकाकांच्या वाट्याला आठवड्याला साठ-सत्तर कागद आणि शहरात एकही इमारत जमिनीवर नाही, सगळ्या जिन्यावर. तळमजल्याचे कागद ते देतात. वरच्या मजल्याचं खोलीत बसूनच लिहितात: ‘जागेवर गेलो. दार बंद. डकवले.’ शुक्रवारी साडेचारला साहेबांपुढे गठ्ठा जायचा असतो. मग काका हाक मारतात, “चल गं, दोन फराटे ओढ.” एक मी आणि एक खालचा झेरॉक्सवाला. तो तर एका हाताने मशीन चालवत दुसऱ्या हाताने सही करतो. त्याची सही म्हणजे कोंबडीचा पाय. म्हणून तुमच्या वकिलाला माझीच वाचता आली.

चाळीस कागद, चाळीस सह्या. कोण वाचत बसतं? मला छापील वाचायला बोट फिरवावं लागतं, आणि वेळ असतो कुठे, पावणेपाचला कपबश्या धुवायच्या असतात. त्या गठ्ठ्यात तुझा कागद होता. मी न वाचता सही केली. झालं.

तू म्हणशील, एकदाही वाटलं नाही का तुला, की ही कुणाची तरी दारं आहेत? खरं सांगायचं तर नाही वाटलं. साहेब सही करतात, काका सही करतात, मी चहावाली, माझ्या एकीच्या सहीने काय बिघडतं? सगळ्या खोलीचं पाप माझ्याच डोक्यावर फोडू नकोस. आणि तुझं दुकान तर तळमजल्यावर, रस्त्यालाच दार. काकांनी जायला हवं होतं. त्यांनी का नाही दिलं ते त्यांना विचारा.

कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ, असं आई म्हणायची. आठवलं म्हणून लिहिलं.

झेरॉक्सवाला परवा तुझ्या रस्त्याने गेला होता. म्हणाला, दुकानाच्या पायरीवर गोणपाट टाकून बसलीय, कानस मारून हाताने किल्ल्या घासतेय, गिऱ्हाईक उभं आहे. मागे सीलबंद शटर आणि पुढे तू. उन्हात बसू नकोस अशी. डोक्यावर काहीतरी घे.

तुझी बहीण

---

२३ मार्च

चिंगी,

तुझं दुसरं पत्र सोमवारी आलं. पूर्ण पानभर. आज शनिवार. मधल्या पाच दिवसांत मी ते इतक्या वेळा काढलं आणि ठेवलं की घडीवर फाटायला आलंय.

तू लिहिलंस, “न वाचता केलीस, त्यात तुझा काय दोष. तुला तर हुकमाचं ऐकावं लागतं. वकील म्हणतात, एवढंच कोर्टात सांगितलं तरी उपयोग होईल. २८ तारखेला येशील का, ताई?”

ताई लिहिलंस. तीन वर्षांनी. ह्यांना दाखवलं तर ते म्हणाले, “मग रडतेस काय, चांगलं झालं की.” एरवी काही ऐकू येत नाही, रडलेलं बरोबर ऐकू येतं.

ते ‘ताई’ मी खोटं बोलून मिळवलंय. मला ते ठेवून घेता येत नाही. म्हणून आता एका दमात लिहिते, मध्ये थांबले तर पुन्हा वळण घेईन. माझं मलाच ठाऊक आहे.

मी तो कागद वाचला होता. बोट फिरवून, सगळा, तुझ्या नावासकट.

डिसेंबरची पंधरा तारीख, शुक्रवार. गठ्ठ्याच्या आधीच काकांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, “ही किल्लीवाली तुझी धाकटी ना? मी निघालोच होतो, पण आज गुडघ्याने नकोच म्हटलंय. तुझ्या बसच्या वाटेवर आहे तिचं दुकान. देऊन टाक. तीन जानेवारीची तारीख आहे, सांग तिला, येऊ दे, काहीतरी हप्त्याचं बघतील.” आणि तुझं समन्स त्यांनी माझ्या हातात दिलं. लाल शिक्क्याचं, चौघडी घातलेलं. मग गठ्ठ्यात तुझ्या अहवालावर नेहमीचं लिहिलं, दार बंद, डकवले, कारण माझ्याबरोबर पाठवलं असं लिहिता येत नाही. आणि मी, तो कागद कमरेला खोचलेला असताना, तो दारावर डकवताना पाहिल्याची सही केली. शेपटी नावाखालून ओढून. हात पुसून.

आता का दिला नाही ते.

त्याच संध्याकाळी उतरले तुझ्या थांब्यावर. रस्त्याच्या पलीकडून पाहिलं. तू कुणाशी तरी हसत होतीस, त्या म्हातारीशी, जिच्या हातात किल्ल्यांचा झुबका होता. तिला एकेक किल्ली दाखवत होतीस, ही कशाची, ही कशाची. मला वाटलं, हिचं माझ्यावाचून काही अडलेलं नाही. मी रस्ता ओलांडायचा, पायरी चढायची, आणि तोंडून काय काढायचं? तुला आठवतंय मी शेवटचं काय बोलले होते ते? आई गेली तेव्हा तिच्या पेटीची किल्ली सापडत नव्हती, तू मी यायच्या आधी उघडलीस, आणि मी सगळ्या पाहुण्यांसमोर म्हणाले, “कुलूपवालीच्या हाताला काय, कुणाचंही कुलूप चालतं.” पेटीत निघालं काय, तर दोन चादरी आणि माझा चौथीचा निकाल. तू तो निकाल माझ्या हातात दिलास आणि निघून गेलीस. तेव्हाच मागे धावायला हवं होतं. नाही धावले. सुंभ जळतो, पीळ जळत नाही.

तर मी परत फिरले. बसमध्ये स्वतःला सांगितलं, उद्या.

उद्याचा परवा झाला. मग दहा दिवसांनी पुन्हा आले. या वेळी अगदी दारापर्यंत. शटर अर्धं खाली होतं, तू आत मशीन साफ करत असावीस. खालून दिव्याचा पट्टा पायरीवर आला होता. माझी सावली त्यावर पडली असणार, कारण तू आतून विचारलंस, “कोण आहे?”

चिंगी, तू विचारलंस. मी कागद हातात धरून उभी होते. वाकून ढकलला असता तरी तुझ्या पायाशी गेला असता. दार बंद नव्हतं. वीतभर नव्हे, कमरेएवढं उघडं होतं. मी उत्तर दिलं नाही. तू पुन्हा म्हणालीस, “कोण? या ना, उघडंच आहे.” आणि मी निघून आले.

याच्याखाली अजून एक थर आहे, तो खरवडून दाखवते. नाहीतर हे पत्र पण पहिल्या दोन पत्रांसारखंच. मला तू यायला हवी होतीस. माझ्या दारी नाही, तशी तू येणार नव्हतीस. कोर्टात. मला वाटलं, एखादी तारीख चुकेल, मग दुसरा कागद जाईल, दटावणीचा, मग घाबरून येशील त्या मोठ्या इमारतीत. खाली कुणी काही सांगणार नाही, या खिडकीतून त्या खिडकीत पाठवतील. आणि मग जिन्यात मी दिसेन, हातात ट्रे. तू म्हणशील, “ताई, काय करू गं?” आणि मी म्हणेन, “चल माझ्याबरोबर, साहेब माझ्या हातचा चहा पितात.” दहावी शिकलेली तू आणि चौथी शिकलेली मी, आणि तुला माझी गरज. एवढ्यासाठी. मी हे चित्र फरशी पुसताना रोज बघायचे. सहा वर्षांत मी शेकडो तारखा पडताना पाहिल्यात, कुणाचंच लवकर काही होत नाही, म्हणून वाटलं, वेळ आहे. तुझ्या वेळेला मात्र सरकारला घाई झाली. तीन जानेवारी गेली, चोवीसची गेली, आणि हुकूमच झाला. त्यानंतर तर कागद द्यायची सोयच राहिली नाही, कारण दिला तर विचारशील, इतके दिवस कुठे होता?

तो कुठे होता? आमच्या स्वयंपाकघरात फडताळात वर्तमानपत्र अंथरलंय, त्याखाली. त्यावर पिठाचा डबा. रोज सकाळी डबा उचलायचे, पीठ घ्यायचे, डबा ठेवायचे. तुझ्या दुकानाला सील लागल्याचं ऐकलं त्या दिवशी घरी येऊन मी तो काढला आणि गॅस पेटवला. खरंच पेटवला. एक कोपरा ज्योतीजवळ नेला. जाळला असता तर कुणाला कधी कळलं नसतं. मग तुझं तेल सोडणं आठवलं आणि गॅस बंद केला. दोन दिवसांनी बसून तुला पहिलं पत्र लिहिलं, सल्ल्यांचं. ‘समन्स कुठे गहाळ झालं असेल कोण जाणे.’ माझ्यापासून चार हातांवर होतं, पिठाच्या डब्याखाली.

मंगळवारी दुपारच्या सुट्टीत मी तुझ्या वकिलाकडे गेले. तुला सांगू नका म्हटलं, मीच सांगेन. त्यांना विचारलं, माझ्या नुसत्या सांगण्याने भागेल का, की न वाचता सही केली? ते म्हणाले, “थोडंफार. समोरचा सरकारी वकील म्हणणार, बहिणीसाठी बहीण बोलतेय, सही मात्र तुझीच आहे. डकवलं नव्हतं याचा पुरावा काय?” मी पदराखालून कागद काढला आणि टेबलावर पालथा ठेवला. “डकवला असता तर पाठीवर खळ लागली असती. कोपरे फाटले असते. बघा.” त्यांनी उजेडात धरून पाहिला. पाठ कोरी, कॅलेंडरच्या पाठीसारखी. एका कोपऱ्याला जरा पिवळं, ते गॅसचं. मग म्हणाले, “बाई, हा कागद मिळाला तर तुमच्या बहिणीचा हुकूम फिरायला वेळ लागणार नाही. पण हा तुमच्याकडे कसा, हे तुम्हाला सांगावं लागेल. नोकरी जाईल. खोट्या साक्षीचं वेगळं निघू शकतं.” मी म्हटलं, “ते मला माहीत आहे, मी वसुलीत आहे. लिहायला घ्या.”

त्या आधी मी गुडघेकाकांना सांगितलं. पाठीमागून सुरी खुपसायची नव्हती. चहा देऊन म्हटलं, “काका, किल्लीवालीच्या कागदाचं मी खरं सांगणार आहे.”

ते कपातच बघत राहिले. “चौदा महिने राहिलेत गं माझे.”

“ठाऊक आहे.”

“निवृत्तीच्या पैशात गुडघे बदलायचे होते.”

“तेही ठाऊक आहे.”

“मग?”

“मग काय. तिच्या दुकानाचा दहा तारखेला लिलाव आहे.”

कप खाली ठेवून म्हणाले, “माझं चुकलं, मी नाही म्हणत नाही. किती दारं मी बसल्या जागी बंद केली त्याचा हिशेब माझ्याकडे नाही. पण तिचा कागद मी तुला विश्वासाने दिला होता. बहिणीचा कागद बहीण नेऊन देणार नाही, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.”

मला ओरडले असते तर मी चार सुनावल्या असत्या. मला तोंड आहे. यावर मात्र कप उचलले आणि धुवायला गेले. तेव्हापासून ते माझ्या हातचा चहा घेतात, पण ‘गं’ म्हणत नाहीत.

तर झालंय ते असं. माझं प्रतिज्ञापत्र गुरुवारी कोर्टात दाखल केलं, समन्ससकट. खिडकीतला माणूस घेऊन आत ठेवायला निघाला होता. मी ओरडले, “नकलेवर शिक्का मार आधी!” त्याने मान वर करून पाहिलं, मी त्याच्याच कोर्टातली झाडूवाली. पण मारला. ती शिक्क्याची नक्कल यासोबत आहे. मी मागे फिरेन अशी भीती तुला वाटू नये म्हणून. मागे फिरायची मला सवय आहे, दोनदा फिरलेय तुझ्या रस्त्यावरून. आता शिक्का बसलाय, फिरता येणार नाही. काल साहेबांनी बोलावून सांगितलं, सोमवारपासून येऊ नका. झाडूला काय, दुसरीकडेही फरशा असतात. हे म्हणाले, “काय झालं?” मी ओरडून सांगितलं, अख्ख्या मजल्याला ऐकू गेलं. बरंच झालं, सगळ्यांना एकदाच सांगून झालं.

२८ ला मी येईन. तू माझ्याशेजारी बसू नकोस, लोकांना वाटेल ठरवून आल्यात. वकिलांनी शिकवलंय त्याच्यापेक्षा जास्त मी बोलणार नाही, पण एक बोलणार आहे, मला कुणी विचारो न विचारो. अहवालात लिहिलंय दार बंद. दार बंद नव्हतं. मी पाहिलंय. आतून हाकही आली होती.

सील निघालं की आधी मशीनला तेल घाल, महिनाभर बंद आहे. त्यांचं कुलूप त्यांना परत दे, चालू करून दे हवं तर, तुझा स्वभाव आहे. मला काही लिहू नकोस. ‘ताई’ तर नकोच. पूर्वी आपोआप मिळालं होतं, थोरली म्हणून. आता मिळायचं असेल तर तू सगळं वाचून, विचार करून दे, नाहीतर नको देऊस. मी तीन वर्षं राहिलेच होते की त्याच्याशिवाय.

खालची सही तू शिकवलेली आहे. आजवर हजारो कागदांवर मारली असेल. हे पत्र मी पहिल्या ओळीपासून बोट फिरवत दोनदा वाचलं, आणि मग केली.

तुझ्या आईची थोरली